अकरा माणसांचं माप

ता. ३ जून

चि. ठकीस आजीचा आशीर्वाद, वि. वि.

इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या बाबाची पाठ दुखते. छापखान्यात दिवसभर वाकून उभा राहणाऱ्याची पाठ दुखणार नाही तर काय नाचणार? माझं काही दुखत नाही. दुखलं तरी सांगायचं कोणाला, तुझे रविवार तर आता बांधलेले.

रविवारी तू धाकटीकडे जेवतेस, हे वाचलं. पत्र घडी करून ठेवलं आणि पुन्हा उघडलं. म्हटलं, आपलं शिक्षण चौथीपर्यंतचं, चुकून भलतंच वाचलं असेल. तर नाही, तेच होतं. माझी धाकटी जाऊ त्या शहरात राहते हे मला माहीत होतं, पण तुझ्या खोलीपासून बसनं चारच थांब्यांवर राहते हे तूच कळवलंस. वर तिनं तुला मागची खोली देऊ केलीय आणि महिनाअखेर तू तिला हो की नाही सांगणार आहेस. बरीच पुढे गेलीय की गोष्ट.

तुझा बाबा म्हणतो, मला हेवा वाटतो. हेवा वाटायला तिच्याकडे काही असायला हवं. पंचवीस वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात होतो, मी तिला कढईजवळ येऊ दिलं नाही. तिचा हात मिठाला सैल. ती निवडायची, चिरायची, भांडी विसळायची. मग तिनं चूल वेगळी केली आणि गेली. तिथे काय रांधते ते तिचं तिला ठाऊक.

पण तुला काही करता येत नाही म्हणून तू तिच्या दारात जातेस, हे खरं. तो दोष माझा. मी तुला शाळेत धाडलं, गॅसजवळ उभं केलं नाही. म्हणून आता लिहून देते. एका गॅसवर होणारं, पाऊण तासातलं. मांसमच्छीला तू लहानपणापासून शिवत नाहीस, तेव्हा डाळीपासून सुरुवात.

तीन वाट्या मसूर धुऊन अर्धा तास भिजव. पाणी चार बोटं वर ठेवून शिजव, फेस काढून टाक. सहा टोमॅटो चिरून त्यात घाल. दुसऱ्या भांड्यात तेल तापव, लसणाचे दोन गड्डे ठेचून घाल. लसूण सोनेरी झाला की लगेच डाळीवर ओत. काळा झाला तर फेकून दे आणि पुन्हा कर, लाजू नकोस. मीठ शेवटी. बास. यासाठी कोणाच्या घरी जाऊन राहावं लागत नाही.

डाळ कशी झाली ते कळव. इतर कोणाची डाळ कशी होती ते कळवू नकोस.

तुझी आजी


ता. १२ जून

ती. आजीस ठकीचा शि. सा. न.

तुझं पत्र कारखान्यात नेलं होतं. काचा घासायच्या यंत्रावर माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना वाचून दाखवलं, त्या इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली चष्म्याची काच वाया गेली.

डाळ केली. तीन वाट्या मसूर माझ्या पातेल्यात मावेनात, म्हणून समोरच्या शिंपीणबाईंकडून मोठं भांडं आणलं. लसूण एकदा काळा झाला, दुसऱ्यांदा जमला. चव थेट तुझ्या डाळीची. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तीच खाल्ली, तरी भांडं अर्ध्यावर. मग रविवारी झाकणाला दोरी बांधली, भांडं मांडीवर घेतलं आणि बसनं धाकट्या आजीकडे गेले.

तिनं पहिला घास घेतला आणि भांडं जवळ ओढलं. दोनदा वाढून घेतली. मग म्हणाली, की जाऊबाईंचा लसूण अजून तसाच आहे. उठून तिनं वरून अर्धं लिंबू पिळलं. आजी, रागावू नकोस, पण लिंबानं बहार आली.

तुझी,
ठकी


ता. १९ जून

चि. ठकीस आशीर्वाद, वि. वि.

लिंबू.

टोमॅटो घातल्यावर लिंबू कशाला, हे तिला विचारलंस का? नाही विचारलंस. माझी डाळ मी शिकवायची, तू रांधायची आणि ती बसल्या जागी वर लिंबू पिळून बहार आणणार. असं तर मलाही येतं. दुसऱ्याच्या पोरीचं लग्न लागत असताना मंडपात शिरून दोन अक्षता मीही टाकीन.

तुझा बाबा हसला. मी त्याला तीन दिवस तीच डाळ वाढली. त्यानं तिन्ही दिवस पानातलं सगळं संपवलं. एक तर मुलगा गुणाचा निघाला किंवा त्याची जीभ मेली.

आता असं काही सांगते की उरणार नाही. दोन कोबी बारीक चीर, जाड देठ काढून टाक. दहा बटाट्यांच्या फोडी तेलात झाकण ठेवून अर्ध्या कच्च्या शिजव. मग कोबी घाल आणि झाकण काढ. झाकण ठेवलंस तर कोबीला पाणी सुटतं आणि आजारी माणसाचं जेवण होतं. आच मोठी, हात चालू. मिरे भरड कुटून घाल. पावाबरोबर खा, भाताबरोबर खा. सोपं आहे, तुझ्या बाबालासुद्धा जमेल.

आणि भांडी मांडीवर घेऊन बसमधून फिरू नकोस. उरलंच तर शिंपिणीला दे. खोलीचं काय ठरलं ते लिहिलं नाहीस. लिहायचं राहिलं की लिहायचं टाळलं, एवढं मला कळतं.

तुझी आजी


ता. २५ जून

ती. आजीस शि. सा. न.

कोबी शिंपीणबाईंना दिला, त्यांच्या बहिणीला दिला, कारखान्यात डब्यातून नेला, तरी उरला. आजी, एक विचारते. ही मापं किती माणसांची आहेत? मी एकटी आहे.

उरलेला धाकट्या आजीकडे नेला. तिनं त्यात काही घातलं नाही, हे मुद्दाम लिहिते.

खोलीचं टाळत होते, खरं आहे. मला जायचं आहे. स्वयंपाक येत नाही म्हणून नाही, आता थोडा येतो. पण एकटीनं जेवायला ताट घ्यावंसंच वाटत नाही. परवा गॅसजवळ उभ्यानंच दोन घास खाल्ले आणि झोपले. तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. पण तू नको म्हणू नयेस असं वाटतं.

तुझी,
ठकी


ता. २६ जून

ती. जाऊबाईंस सा. न. वि. वि.

चौदा वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा आधी काय लिहू ते सुचत नाही. म्हणून कामाचंच लिहिते.

ठकीला मी बोलावून घेतलेलं नाही. तुम्ही सांगितलेलं अन्न तिच्याच्यानं संपत नाही, म्हणून ती येते. तुम्हाला वाटत असेल, मी तिला तोडते आहे. तर ऐका. ती माझ्या टेबलाशी बसते, माझ्या ताटात जेवते आणि तासभर तुमच्या डाळीचं गुणगान करते. तिची आई गेल्यावर ती तुमच्याच ताटात जेवायची आणि मी भांडी विसळत बघायची. तेव्हाही मी जळायची, आताही जळते. आपण दोघी एकाच पोरीवरून जळतोय, तर ते निदान एकमेकींना माहीत असावं.

आता जे तिनं लिहिलं नसणार ते. मंगळवारी कामावर तिला चक्कर आली. यंत्र बंद होतं म्हणून हात वाचला. डॉक्टर म्हणाले, नीट जेवत नाही. आठवडाभर ती काही शिजवतच नाही, शनिवारी तुमचं पत्र काढते आणि मोठं भांडं चढवते. आत्ता माझ्याकडे आहे, अंगात ताप आहे. मी चार प्रकार करून पुढे ठेवले, तिनं बाजूला सारले. काय खाशील विचारलं तर म्हणते, आजीला माहीत आहे.

तेवढं कळवा. खोलीचं तुम्ही म्हणाल तसं.

तुमची धाकटी जाऊ


ता. २९ जून

धाकटीस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी आलं. हे पत्र तुझ्या पुतण्याबरोबर पाठवते, टपालाचा भरवसा नाही. पाठ दुखत असूनही तो आज रात्रीच्याच गाडीनं निघतोय. त्याला दोन दिवस ठेवून घे आणि खुर्चीवर बसव, जमिनीवर नको.

पोरीनं विचारलं, मापं किती माणसांची. मी वाटी हातात घेऊन मोजलं. अकरा माणसांची. घरात अकरा होतो तेव्हापासून हात तेवढाच वळतो. इथे दोघांसाठीही मी तेवढंच रांधते आणि उरलेलं दारोदार देत बसते. पोरगी तिथे पातेल्याशी झुंजत होती आणि मी इथे तिला धडे देत होते. माझ्या हातून हे झालं, आता यावर तू काही बोलू नकोस.

आज तीनदा करून बघितलं. दोन माणसांना पाऊण वाटी मसूर, दीड टोमॅटो, सहा पाकळ्या लसूण. कोबी अर्धा, बटाटे तीन. माप दोन माणसांचं काढलंय, एकीचं काढलेलं नाही. त्यावरून काय समजायचं ते समज. शनिवारी तिचं सामान तुझ्याकडे आण. तिला विचारत बसू नकोस, ती संकोच करेल.

ती तुझ्या ताटात जेवून माझं गुणगान करते, हे वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? तुला त्याचा त्रास होतो, हे वाचून आणखी बरं वाटलं.

आता तापातलं. चार प्रकार करू नकोस. तांदूळ नेहमीपेक्षा दुप्पट पाण्यात गळेपर्यंत शिजव, मीठ चिमूटभर. तुझी चिमूट नाही, माझी. वर लोणी. ताटात वाढू नकोस, खोलगट वाटीत दे, आणि चमचा देऊ नकोस, ती वाटी तोंडाला लावते. वाटी ठेवलीस की समोर बसू नकोस. तिच्याकडे बघितलं की ती खात नाही. पाठ करून काहीतरी निवडत बस, तांदूळ म्हण, शेंगा म्हण, आणि मागे वळू नकोस. वाटी ठेवल्याचा आवाज आला की समजायचं संपली. मग आणखी हवं का विचारायचं नाही, नुसतं वाढायचं.

हे कळायला मला सहा वर्षं लागली. तुला एका पत्रात मिळालं.

लोभ आहे तेवढा असू दे, वाढवायची घाई नको.

तुझी थोरली जाऊ