हाकेला ओ

आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी बरी आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतो?

सकाळी आम्ही रोपं लावतो, मग गावकऱ्यांबरोबर जंगलात राखणीला जातो. झाडी इतकी दाट की पुढचं माणूस दिसत नाही. म्हणून हाक ऐकू आली की जो कुणी ऐकेल त्याने ओ द्यायची, हा आमचा नियम.

गेल्या आठवड्यात आमच्या वाटाड्याने ओ दिली नाही. लाकूडचोरांनी त्याला मारून टाकलं होतं. तू घाबरू नकोस, आता कुणी एकटं जात नाही.

मी त्याच्याच घरी राहते. त्याच्या बायकोला मावशी म्हणते. ती अजून संध्याकाळी दारात उभी राहून त्याला हाक मारते आणि सगळे माना खाली घालतात. काल मी मागे रोपांना पाणी घालत होते. हाक आली आणि सवयीने माझ्या तोंडून ओ गेली.

मावशी धावतच आली. चेहरा काय उजळला होता गं! मला बघून थांबली. मग म्हणाली, "चल, वाढलंय."

ताट त्याचं होतं. मी सगळं संपवलं.

आई, तू घरात चुकून मला हाक मारतेस का गं?

तुझी,
धाकटी