लाल पट्टा आणि नवा फीड पंप

२९ मार्च
निर्णय पक्का. रॉयसवर सूड उगवायचा.
रॉयस म्हणजे लोर्नाचा सख्खा भाऊ. माझा मेहुणा. लग्न करताना बायकोबरोबर हा पण गळ्यात पडतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी इमोजीनबाईंच्या गुरांच्या रँचवर मदतीला, वासरांवर खूण डागायला निघालो आणि माझा पिकअप घाटात बंद पडला. मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये घोडा. या पठ्ठ्याने पिवळा पट्टा बांधून मला ओढत नेलं. रँचच्या फाटकावर सगळ्यांनी टोप्या काढल्या, कुणी वारल्यावर काढतात तशा.
घोड्यावरून वासरांवर दोराचा फास टाकायचा मान कुणाचा, हे डागणीच्या दिवशी मालकीणबाई ठरवतात. आपण मागायचं नसतं. मिशी फुटल्यापासून दोर टाकणाऱ्या मला बाईंनी लसीची पिचकारी दिली. दोर रॉयसला.
यंदा बघतोच.

१ एप्रिल
दोष माझा नव्हता. फीड पंपाचा होता. टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ढकलणं एवढं एकच काम, तेही चढ दिसला की बंद.
नवा मोठा पंप मागवला. दोन मीटर पण. एक डिझेलच्या प्रेशरचा, एक एक्झॉस्टच्या तापमानाचा. आणि एक लाल पट्टा.
लोर्नाने विचारलं, पट्टा कशाला? म्हटलं, असू दे. रॉयसला ओढायला, हे सांगितलं नाही. रंग मुद्दाम लाल घेतला. लांबून दिसतो.

१२ एप्रिल, सकाळ
टाकीला हात घालायचा तर पिकअपचा हौदा उचलावा लागतो. रॉयसचा फोन. म्हणे, दाजी, एकटे उचलू नका हां, कंबर जाईल, मी येतो. हेरगिरी! नको म्हणून सांगितलं.

१२ एप्रिल, दुपार
कंबर गेली.

१९ एप्रिल
हौदा निघाला. (लोर्ना आणि ट्रॅक्टर.)
टाकीत पंपाची नवी नळी सोडायची. पुस्तिकेत लिहिलंय, नळीचं तोंड तळापासून अंगठाभर वर ठेवा. लिहिणाऱ्याने कधी टाकीत डोकावलं नसावं. तळाशी गाळ असतो! मी चांगली चार बोटं वर ठेवून कापली. लोर्ना म्हणाली, त्यांनी काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल ना रे? म्हटलं, मीही विचार करूनच कापली.

२६ एप्रिल
मीटर बसले. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर, एकाखाली एक. टाकी फुल्ल करून घाट चढून आलो. प्रेशरचा काटा जराही खाली आला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ नुसता काट्याकडे बघत बसलो. लोर्नाने जेवायला हाक मारली, मग जेवणाचं ताट इथेच आण म्हटलं. आणलं नाही.
रॉयस येऊन गेला. खिडकीतून डोकावून म्हणाला, झकास दिसतंय दाजी. नळी कुठवर सोडलीत? म्हटलं, जिथवर सोडायची तिथवर. जळतो मेला.

१० मे
बेत असा. घाटात त्याला मागे टाकायचं. टाकीत पावच डिझेल ठेवायचं, म्हणजे वजन कमी, पळ जास्त. मग माथ्यावर लाल पट्टा हातात घेऊन उभं राहायचं. त्याचा ट्रक बंद पडला पाहिजे, हे खरं. पण ट्रक जुना आहे. कधी ना कधी पडणारच. त्या दिवशीच का नाही पडणार?

१६ मे, सकाळ
निघतोय. लोर्ना सोबत. घोडा चढवला. डिझेल पाव टाकी. पट्टा सीटमागे.

१६ मे, संध्याकाळ
जे झालं ते क्रमाने लिहितो.
घाटाच्या खालच्या वळणावर रॉयसचा ट्रक कडेला उभा. ट्रेलर नाही, घोडा नाही. देव आहे!
आमच्याकडे उभ्या गाडीला टाकून कुणी पुढे जात नाही. जन्माचा वैरी असला तरी काच खाली करून विचारतात, ठीक आहे ना रे? माझा पाय सवयीने ब्रेकवर गेलाच होता. मग पिवळा पट्टा आठवला. लांबलचक हॉर्न दिला आणि गेलो. लोर्ना ओरडली, अरे थांब, तो हात करतोय! म्हटलं, करू दे.
फार गोड वाटलं. पुढच्या वळणापर्यंत.
प्रेशरचा काटा खाली यायला लागला. मीटर खराब, मी म्हटलं. टिचकी मारली. काटा शून्यावर. अजून एक टिचकी. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि राम म्हटला.
रॉयस मागून आला. टाकीत किती आहे विचारलं. पाव, म्हटलं. म्हणाला, दाजी, चढावर ते सगळं मागे जातं, तुमची नळी वर राहून हवा ओढतेय. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, माझा पट्टा रँचवर राहिला, तुमच्याकडे आहे का काही?
लोर्नाने सीटमागून लाल पट्टा काढून दिला.
पट्टा बांधताना तिनेच भावाला विचारलं, तू तिथे उभा का होतास? तो म्हणाला, माझा घोडा कालच पोचवला. बाईंनी पाठवलं. म्हणाल्या, यंदा पहिला दोर मर्लला (म्हणजे मला) द्यायचाय, बिचारा वर्षभर तोंड पाडून फिरतोय. पुन्हा घाटात अडकायला नको, सोबत घेऊन ये.
फाटकावर टोप्या निघाल्या. लाल पट्टा खरंच लांबून दिसतो.
इमोजीनबाईंनी एवढंच विचारलं, मर्ल, तू उभ्या ट्रकला टाकून आलास? बाईंना हे कुणी सांगितलं, तर लोर्नाने. बाईंनी माझ्या हातात लसीची पिचकारी दिली आणि पहिला दोर लोर्नाला दिला. घोडा माझाच. दिवसभरात तिचा एकही फास चुकला नाही. मी वासरं टोचत होतो, ती टाळ्या घेत होती.

१७ मे
मीटर काढून तपासला. मीटर चांगला आहे.