वैशूची एक घंटी

ता. ९ नोव्हें., रविवार
फोन आला! माहा सोताचा. पोरगा दिगांबर इचोड्याच्या बाजारातून घेऊन आला, खताच्या थैलीसंगं. काळा, साबणाच्या वडीएवढा. बटनं ठसठशीत, चष्म्याबिगर दिसतात. वरतून टॉर्च. सून कांता म्हणे, "आत्याबाई, आता काय बाई तुमचा रुबाब!" म्हटलं, जळू नको, तुले बी दीन हातात धराले.
पयला फोन वैशूले. माही नात, दिगांबरची एकुलती पोरगी. मागच्या उन्हाळ्यात बेल्लमपल्लीले दिली, जावई कोळशाची लॉरी चालवते. पोटुशी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हंजे माया हातांनं लेकरू न्हाणार. पणजी होणार मी! डिंक, खोबरं, मेथ्या आतापासूनच डब्यात.
वैशू हळूच बोलली. "आजी, मी रोज दिवेलागणीले एक घंटी दीन. तू उचलू नको. फोन यांच्यापाशी राह्यते, बोलाले बसली की हे कान देऊन बसतात. एक घंटी म्हंजे मी बरी. समजलं ना?"
म्हटलं, समजलं माय, तिसरी पास आहो मी.
वैशूनंच दिवाळीत ही वही देली होती. म्हणे, रोज दोन ओळी लिव, नाही तं अक्षर मोडते. तर लिवते.

ता. ११ नोव्हें.
हिरवं बटन उचलाले, लाल बंद कराले. कांतानं शिकवलं. चंद्रावानी खूण दाबली तर फोन झोपते. मी झोपवला अन् मले उठवताच येईना. दुपारभर मुका. कांता हसून हसून खाली बसली. "आत्याबाई, म्हैस दोहता तुमी, अन् हे एवढंसं आवरत नाही?" म्हशीले शिंगं राह्यतात, कुठून धरावं ते समजते.
संध्याकाळी घंटी आली. यापुढं नुस्तं घं. लिवीन, शाई वाचते.

ता. १६ नोव्हें., रविवार
कापूस वेचाले गेली. फोन कनवटीले, फडक्याच्या पिशवीत. उन्हं उतरल्यावर वावरातच घं. आली. सगळ्या बाया उभ्या राह्यल्या. मी पिशवी कानाशी धरली अन् म्हटलं, "जिती राह्य माय, सुखानं राह्य." गंगूबाई म्हणे, "अवो, बटन तं दाबा! घंटीले कोणी आशीर्वाद देते काय?"
मी देते. माहीच पोरगी आहे ते, घंटी नोहे. काल लवकर आली होती, परवा जेवताना. पोरीले जवा फोन सापडते तवा देते. मी दिवसभर वाट पाह्यते, त्यातच गोडी.
कापूस यंदा बरा आहे. बोंडं खालून काळी पडून राह्यली तेवढी.

ता. २३ नोव्हें., रविवार
बेल्लमपल्लीले जाऊन आलो, वैशूची ओटी भरली. सातवा लागला. हिरवं लुगडं नेलं, हिरवा चुडा. खाणीच्या क्वार्टरांची ओळ, सगळी घरं सारखी, मी शेजारणीच्याच घरात शिरत होती.
वैशू बारीक झाली. पोट तेवढं दिसते. जावई लय मायाळू, पाणी सोता आणून देते, जेवताना बाजूलेच बसला, उठलाच नाही. मी वैशूले काही विचारलं की उत्तर त्यानंच देलं. "बरी आहे आजी. खाते-पिते." खिडकीले आडव्या पट्ट्या ठोकल्या. म्हणे माकडं येतात.
कांतानं विचारलं, कवा नेऊ? जावई म्हणे, "तिले मार्गशीर्षातले गुरुवार मांडाचे आहेत मामी. ते सोडून कसं उठवावं?" बरोबरच आहे. आजकालच्या पोरायले एवढं कुठं कळते. मले लय बरं वाटलं. कांता बसमधे तोंड फिरवून बसली. बसच्या खिडकीतून धूळ, माहे डोये दुखून राह्यले.
निघताना वैशूनं मायी बोटं धरली होती. सोडेचना. जावई म्हणे, बस जाईन.

ता. ४ डिसें., गुरुवार
नवीन शिकली! मधातलं बटन दाबलं की कोणं कोणं घंटी देली ते दिसते, वेळेसकट. कांतानं वाचून दाखवलं. सगळ्या वैशूच्याच. ओटीच्या आधीच्या वाकड्यातिकड्या, कवाही. नंतरच्या रोज एकाच वेळेले. "मोजून देल्यावानी," कांता म्हणे.
म्हटलं, पोरगी शिस्तीची झाली. लेकरू येणार तं घरात शिस्त पाह्यजेच.
कांता भाकरी थापत राह्यली. भाकर जळाली. कांताची भाकर कधी जळत नाही.
थंडी पडून राह्यली. शेकोटीपाशी पाय ठेवला तं पाठ गारठते.

ता. १४ डिसें., रविवार
चुकून उचलला आज. हात पिठाचे, पिशवीतून काढता काढता बोट हिरव्यावर पडलं. म्हटलं, "वैशू? माय?" कोणी बोललं नाही. इंजिन चालू असल्याचा आवाज, लॉरीचा. मंग माणूस खोकलला. बंद.
जावईच फोन लावून देत असन, अन् ती हातात घेणारच होती. मीच मूर्ख, उचलू नको म्हटलं होतं तिनं.
कांता म्हणे, "आत्याबाई, घरात इंजिनाचा आवाज कसा आला?"
म्हटलं, रस्ता घराले लागून आहे.
लिवताना समजलं, नाही लागून. मले आठवते, ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेलो होतो आमी.
लिवलं तं लिवलं. खोडत नाही.

ता. २१ डिसें., रविवार
गुरुवार सरले. दिगांबरनं फोन केला, उद्या येतो न्याले. जावई म्हणे, "मामा, आज पौष लागला ना. पौषात पोटुशीले कोणी हलवते काय? आजीलेच विचारा." फोन मायाच हातात देला. मी म्हटलं, खरं आहे जावईबापू, पौषात लेकी आणत नाहीत, आमच्यात बी नाही.
वैशूले द्या म्हटलं. "झोपली आहे."
फोन ठेवल्यावर कांता माया अंगावरच आली. कधी नाही ते. "त्याले पंचांग कोणं शिकवलं? तुमीच! मार्गशीर्ष तुमीच, पौष बी तुमीच. माही पोरगी कधी येणार मंग?"
दिगांबर म्हणे, माय मोठी आहे, नीट बोल. कांता गोठ्यात गेली.
मी खोटं काय सांगतलं? रीत आहे ते. रीत.
घं. आली. नेमानं.

ता. ४ जाने.
फोन लावाले आता कोणाची गरज नाही मले. एकाचा आकडा दाबून धरला की वैशूले लागते. आज तीनदा लावला. एकदा जावई म्हणे न्हाले गेली. मंग मंदिरात गेली. मंग उचललाच नाही.
आवाज गोड त्याचा. "काळजी करू नका आजी." मी विचारलंच नव्हतं काळजीचं.
लेकरासाठी चार दुपटी शिवली. एकावर कांतानं कोंबडा काढला, तो बदकावानी झाला. दोघी हसलो. लय दिवसांनं हसलो. मंग कांता एकदम रडली. म्हणे, धूर गेला डोयात. चूल बंद होती.
घं. आली.

ता. १४ जाने., बुधवार. संक्रांत.
सकाळी लावला, म्हटलं तिळगूळ घ्या. जावई लय खुशीत. म्हणे, "वैशाली मंचिर्यालले गेली आजी, माह्या मावशीकडं, चार रोज. जिवाले बरं वाटन तिले. फोन इथंच ठेवून गेली." मले बी बरं वाटलं. पोरगी कुठं तरी बाहेर निघाली, मावशीच्या घरी तिळाच्या पोळ्या खाईन. दुपारभर हेच सगळ्यायले सांगतलं, हळदीकुंकवाले आल्या त्या बायायले बी.
दिवेलागण. मी तुळशीपाशी. घं. आली. मी सवयीनं म्हटलं, जिती राह्य माय.
कांता चुलीपुढून उठली. हातात उलथणं तसंच.
"आत्याबाई. वैशू मंचिर्यालले आहे. फोन त्याच्यापाशी. मंग घंटी कोणं देली?"
तुळशीपुढचा दिवा हवेनं गेला, परत लावला नाही.
इतके दिवस मी कोणाले आशीर्वाद देत होती?

ता. १५ जाने.
आज बी आली. त्याच वेळेले. मी आशीर्वाद देला नाही. पिशवीतून काढून पाटावर ठेवला अन् पाह्यलं त्याच्याकडं. उजेड पडला, गेला.
दिगांबरनं त्याच्या फोनवरून लावला, उचलत नाही.
वाड्यावरचा माहा दीर म्हणे, अमावास्या होऊ द्या, पौष सरला की जा, चांगल्या दिवशी. मी म्हटलं, पौष गेला खड्ड्यात. सगळे पाह्यतच राह्यले. मीच मले पाह्यत राह्यली.
उद्या निघतो. तिघं बी.

ता. १६ जाने., शुक्रवार. बसमधे.
उटनूरले बस बदलली. धुकं इतकं, डायवर लाईट लावून चालवून राह्यला. अक्षर हालते. कांतानं डिंकाचे लाडू घेतले संगं, दुपटी घेतली. दिगांबर म्हणे, कशाले, तिले घेऊनच येतो आपण. कांता म्हणे, असू द्या.
समोरच्या बाईचं लेकरू मायाकडं पाहून हसलं. दात नाहीत, मले बी नाहीत. जमलं आमचं.

तीच ता., संध्याकाळ. बेल्लमपल्ली.
वैशूच्या दाराच्या पायरीवर बसून लिवते. काही धराले पाह्यजे म्हणून वही धरली.
दाराले भायेरून कुलूप. दिगांबर म्हणे, मावशीकडंच असन मंग. परत निघत होतो. शेजारीण आली, तेलुगूवाली. कुलपाकडं बोट दाखवून म्हणे, "रोजू ताळमे." कांताले तेलुगू येते. म्हणे, रोजचं कुलूप आहे, आत्याबाई. सकाळी लॉरीवर जाताना घालते, आला की काढते. ओटीच्या आधीपासून.
मी दाराले तोंड लावलं. "वैशू. माय. मी आजी."
मंग आतून, जवळूनच, दाराला टेकून बसल्यावानी, "आजी, आस्ते बोल."
कांतानं दाराले कपाळ टेकवलं.
दिगांबरनं कुलूप धरून हलवलं. आतून म्हणे, "बाबा, तोडू नका. ते पाह्यतीन तं..."
"तं काय? काय करन तो?"
दिगांबरनं कुलूप सोडलं.
"मंचिर्यालले गेली होती ना तू?" कांतानं विचारलं.
"मी कुठंच नाही गेली माय. ओटी भरली तवापासून उंबरा नाही ओलांडला."
तेवढ्यात मायी पिशवी वाजली. एक घंटी. बंद. रोजचीच वेळ.
वैशू आतून म्हणे, "कोणाचा फोन आहे आजी?"
म्हटलं, तुया.
आतून हिरवा चुडा दाराले वाजला. मंग म्हणे, "माया नाही आजी. मायापाशी फोन नाही. त्यांनंच विचारून घेतलं होतं मले, आजीले कशी घंटी देते म्हणून. मी सांगतलं. मले वाटलं, रोज मलेच लावून देतीन..."
मी विचारलं, कळा येतात काय? म्हणे, सकाळपासून पाठ दुखते, राहून राहून. कांता अन् मी एकमेकीकडं पाह्यलं. आमाले दोघीले समजते ते दुखणं.
त्याले माहीत नाही आमी इथं आहो. अजून तं नाही. शेजारीण म्हणे, चौकात पोलीस ठाणं आहे, अन् कुलूपवाला बी. दिगांबर चालला. त्याचा ताव लय वाईट, म्हणून कांता बी संगं गेली, तेलुगूत नीट बोलाले. दोघं पायी. शेजारणीनं मले पाणी देलं, अन् घरात जाऊन कडी लावून घेतली. तिले बी त्याच ओळीत राह्यचं आहे.
दाराखाली फट आहे, दोन बोटांएवढी. वैशूनं बोटं भायेर काढली. गार आहेत. मी धरली. एका हातानं धरली, एका हातानं लिवते. दुखणं आलं की ती बोटं आवळते, गेलं की सोडते. मी तिले दुपट्यावरच्या बदकाचं सांगून राह्यली.
आता लवकर लवकर आवळून राह्यली.
ओळीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. मोठी गाडी, त्या दिवशी फोनमधे ऐकलं तेच इंजिन. दिगांबर अन् कांता तं पायी गेले होते.