टाकीतलं कोमट पाणी

४ जानेवारी

आजसुद्धा दोन अंश जास्त! हे सातला टाकीच्या खोलीतून बाहेर आले ते वही नाचवतच. "बाईसाहेब, चहा टाका, इतिहास घडतोय." एकाहत्तर वर्षांचा माणूस. मी विचारलं, इतिहासाला साखर किती?

पुढेमागे कोणी विचारलं तर असावं म्हणून नीट लिहून ठेवते. धूर न करणारी, वेगळ्या वाटेची ऊर्जा शोधणाऱ्यांसाठी ही संस्था काढून सत्तावीस वर्षं झाली. खाली तीन खोल्या, वर आम्ही. लोकांनी काय काय आणून दिलं — लोहचुंबकाची चाकं, मिठाच्या पाण्यावरचे दिवे. ह्यांनी सगळं तपासलं आणि सगळं परत पाठवलं. आता पहिल्यांदा काहीतरी निघालंय, तेही ह्यांच्याच सेलमधून. सेल म्हणजे बरणीएवढं भांडं, टाकीच्या पाण्यात बुडवलेलं. जेवढी वीज आत जाते तेवढ्या विजेने पाणी एकतीस अंशांवर थांबायला हवं. महिनाभर तेहतीस दाखवतंय, मधले चार दिवस सोडले तर.

६ जानेवारी

चोवीस तारखेला तपासणी समिती येणार. तिघं जण, दोन दिवस. ह्या आकड्याच्या भरवशावर संस्थेत मदतीला येणाऱ्या प्राध्यापिकाबाई कॉलेज सोडून इथे पूर्णवेळ यायला निघाल्यात. राजीनामा लिहून तयार आहे म्हणे. घरी दोन लहान मुली. मी म्हटलं, जरा थांबा की. तर म्हणाल्या, "सरांचा आकडा म्हणजे आकडा, काकू."

ते मात्र खरं. घड्याळजींना ह्यांनी काढलं ते एका आकड्यापायी. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, ह्यांचा शाळेपासूनचा मित्र, संस्था दोघांनी मिळून उभी केलेली. एका सकाळी उठायला उशीर झाला आणि त्यांनी न बघताच कालचा आकडा वहीत लिहिला. ह्यांनी सगळ्यांसमोर वही मिटली. "उद्यापासून येऊ नका." बारा वर्षं झाली. अजून ते समोरून दिसले की हे रस्ता ओलांडतात.

९ जानेवारी

थंडी. बोटं आखडलीत, पेन धरवत नाही.

१० जानेवारी

लिहूनच काढते.

टाकीतलं पाणी उडून कमी होतं, म्हणून रोज सकाळी सहाला मी लिटरभर घालते. ते माझं काम. आज ओतताना भांड्यातून वाफ दिसली. थंडी पडल्यापासून मी अंघोळीच्या पाण्यातलंच घालते, नळाखाली हात धरला की सांधे ठणकतात म्हणून. हे म्हणाले होते, खोलीत ठेवलेल्या बादलीतलं घाल. मी म्हटलं, पाणी ते पाणी. सत्तावीस वर्षं ह्या माणसाचे अहवाल टाइप करतेय, आणि म्हणे पाणी ते पाणी!

मग ही वही मागे चाळली. ३ डिसेंबर: "आजपासून अंघोळीचंच पाणी घालते, हात वाचले." ह्यांच्या वहीतला पहिला जास्तीचा आकडाही ३ डिसेंबरचाच. आणि ताईच्या आजारपणात मी चार दिवस तिच्याकडे होते, तेव्हा? तेव्हा हे स्वतः घालत होते, बादलीतलं. चारही दिवस एकतीस. "तू गेलीस आणि सेल रुसला," म्हणाले होते. मी चक्क लाजले होते, ह्या वयात.

म्हणजे सेलमध्ये काही नाही. जे आहे ते माझ्या बंबातलं.

११ जानेवारी

नाही सांगितलं. दोनदा तोंड उघडलं. पण हे दाढी करताना शीळ घालत होते. किती वर्षांनी.

१२ जानेवारी

ठरलं. सांगायचं नाही, पण उद्यापासून बादलीतलं गार पाणी घालायचं. आकडा आपोआप एकतीसवर येईल, हे समजायचं ते समजतील, समितीला नको म्हणून कळवतील. बाईंचा राजीनामा त्यांच्या पर्समध्येच राहील. मला बोलणी खायची नाहीत म्हणून हा सगळा द्राविडी प्राणायाम, कळतंय मला.

१३ जानेवारी

गार पाणी घातलं. सातला जिन्यात कान लावून उभी. हे बाहेर आले. "तेहतीस पॉइंट दोन."

१४ जानेवारी

पुन्हा तेहतीस. बादलीत बोट घालून पाहिलं — गारच आहे.

१६ जानेवारी

चार दिवस गार पाणी आणि चारही दिवस तेहतीसच्या वर! म्हणजे माझं पाणी कारण नव्हतंच. उष्णता खरी आहे. जीव भांड्यात पडला. बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. उगाच आठवडाभर स्वतःला खात होते. मी ताईकडे होते तेव्हा सेल खरंच रुसला असेल, यंत्रांचं काय सांगावं.

दुपारी बाईंचा फोन. राजीनामा दिला. मीच म्हटलं, "बरं केलंत."

ह्यांना तर आता आकडा बघणं अगदी सरावाचं झालंय. आधी भिंग घेऊन दहा-दहा मिनिटं थर्मामीटरची रेघ बघायचे. आज मिनिटभरात बाहेर. चष्मा तर वरच राहिला होता, गादीवर.

१८ जानेवारी, सकाळी साडेसहा

शेवटी व्हायचं ते झालं. गारठ्याने बोटांत जोर नाही, भांडं निसटलं ते टाकीच्या झाकणात खोचलेल्या थर्मामीटरवर. दोन तुकडे. संस्थेत हा एकच, समितीसाठी मुद्दाम तपासून आणलेला. तुकडे पुसून माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवलेत.

हे अंघोळीला गेलेत. सातला आत जातील, झाकणातलं रिकामं भोक बघतील आणि घर डोक्यावर घेतील. घेऊ देत. एकदा ओरडून झालं की गरम पाण्याचंही सांगून टाकीन. आता काय, हसतील त्यावर.

१८ जानेवारी, सव्वासात

हे बाहेर आले. ओरडले नाहीत. चहा मागितला.

ह्यांची वही टेबलावर उघडी आहे. आजची तारीख. सात वाजता, तेहतीस पॉइंट चार.