पायरीवरचं ताट

मंगळवार, संध्याकाळ. जांबे.

मावशींनी आजही ताट पायरीवरच ठेवलं. झाकून.

घरमालकीण असून रोज भाकरी आणून देणारी बाई, आणि परवा रेकॉर्डिंग करताना त्या आत आल्या, तर मी त्यांच्यावर केवढी खेकसले! "लांब थांबा ना मावशी, सूर बिघडतो!" खोटं नव्हतं ते. मी घरीच जोडलेलं थेरेमिन हात न लावता वाजतं; त्याच्या दांड्याजवळ हात नेला की त्याला जोडलेल्या सिंथेसायझरचा सूर चढतो, पण दुसरं कुणी जवळ आलं तरी चढतोच. हे नीट सांगता आलं नसतं का?

आज बाहेरूनच म्हणाल्या, "हितंच ठिवते. तुझं ते यंत्र बिघडायचं." रागाने नाही, काळजीने. तेच जास्त लागलं.

आणि परवाचंच रेकॉर्डिंग आमच्या वादकांच्या ग्रुपवर सगळ्यांना आवडलंय. शेवटी सूर हळूहळू वर जातो, तो कसा काढलास, विचारतायत. मी लिहिलं, सराव. कसला सराव? माझा हात जागेवरच होता. दांडा दाराशेजारी, आणि मावशी ताट घेऊन आत येत होत्या. त्या जवळ आल्या तसा सूर चढला. आज तासभर हाताने काढून पाहिला. नाही जमला.

खरं अजून कुणालाच सांगितलेलं नाही. ताट समोर आहे, भाकरी गार झाली.

रेकॉर्डिंग पाठवण्याआधी मी शेवटचे दोन सेकंद कापले होते. माझं खेकसणं रेकॉर्डिंग बंद केल्यानंतरचं. त्या दोन सेकंदांत फक्त मावशी होत्या: "भूक लागली आसंल न्हवं गं?"