कुडवा रोडची हिरवी लेन

९ नोव्हेंबर
कुडवा रोडला सायकल लेन झाली. आमच्या दारापासून थेट रेणूच्या कॉलेजपर्यंत, हिरवीगार. श्रेय आमच्या कॉलनीच्या नागरिक समितीचं, म्हणजे अध्यक्षाचं, म्हणजे माझं. रेणूला शब्द दिला, आता एकटी सायकलनं जा. पोरगी नाचलीच. रेणूची आई सुशिला म्हणाली, ट्रकच्या रस्त्यावर पाठवली तर याद राखा. म्हटलं, लेन कशाला आणली मग? सोमवारपासून मीही सायकलवर. पेट्रोल बंद.

११ नोव्हेंबर, सकाळ
सायकलची सीट टोचते. सवय होईपर्यंत कारच.
संध्याकाळ. लेनमध्ये कार लावणाऱ्यांना झापलं. एक जण म्हणे, आप कौन? अध्यक्ष, म्हणालो. हसला. व्हिजिटिंग कार्ड छापून घेणे.

१४ नोव्हेंबर
अवकाळीनं घोळ केला. शालीकरामभाऊ गावाहून ओलं धान घेऊन हजर. म्हणे, गावातल्या डांबरी रस्त्यावर सगळ्यांचं धान वाळतंय, पाय ठेवायला जागा नाही, तुमची हिरवी पट्टी बेस आहे. सख्ख्या भावाला नाही कसं म्हणणार? पसरलं. कडेनं दगड लावले.
नवल म्हणजे दगड पाहून एकही कार लेनमध्ये शिरली नाही! ट्रॅफिक पोलिसांना जमलं नाही ते धानानं करून दाखवलं. वर्तमानपत्राला कळवणे.

१६ नोव्हेंबर
शेजारच्या कैलाशनंही धान पसरलं. त्याला खडसावलं, सार्वजनिक जागा आहे ही. तो म्हणाला, मंग तुमचं काऊन पडून राहिलं, काकाजी? समजावलं, आमचं समितीचं आहे.
रेणू धानाला वळसा घालून मोठ्या रस्त्यानं जाते. धानाला दोन दिवसांचं ऊन लागू दे, तोवर सांभाळून घे, म्हटलं.

१८ नोव्हेंबर
रेणू पडली. वळसा घेताना मागून ट्रकचा हॉर्न. कोपर फुटलं, हँडल वाकलं. सुशिलेनं सायकलला कुलूप घातलं, चावी पदराला. मला ताट आपटून वाढलं. रेणूनं एवढंच विचारलं, बाबा, लेन कोणासाठी बनवली होती? भावनिक झाली आहे. ट्रकवाल्यांविरुद्ध निवेदन देणे.

२० नोव्हेंबर
रेणूला कारनं सोडायला निघालो. पुढे भर रस्त्यात एक म्हातारा सायकलवर, मुंगीच्या चालीनं. काच खाली करून ओरडलो, काऊन बाबाजी, लेन दिसत नाही का? मागं न पाहताच म्हणाला, तिथं कोण्या अध्यक्षाचं धान वाळून राहिलं म्हणते.
रेणू दार उघडून उतरली. दगड ओलांडून लेनमध्ये गेली आणि धानातून पाय ओढत सरळ कॉलेजकडे चालू लागली. मागं वळून पाहिलं नाही. माझ्यामागे गाड्यांची रांग, हॉर्न.
असो. सारखं वाळायला धान पायानं पलटायचंच होतं. तेवढं काम झालं.