यंदा मला कुणी रंगात ओढू नये

१ मार्च, सकाळ
परवा रंग. बिल्डिंगमधल्या लोकांना मला रंगवायची भारी हौस. होळी झाली की दुसऱ्या दिवशी दारातून ओढून नेतात. गेलं वर्ष तेवढं वेगळं. वरच्या मजल्यावरच्या मुलीने, जिला सगळे चिमणी म्हणतात, माझ्या शर्टावर रंगाचा फुगा मारला आणि मी तिला जरा समजावलं. यंदा निर्धार: बाहेर पडायचंच नाही.

१ मार्च, संध्याकाळ
बायकोच्या मते मी समजावलं नाही, ओरडलो. सात वर्षांची पोर जिन्यात हुंदके देत होती, तिच्या बापाने माझ्यापुढे हात जोडले वगैरे. हिला तपशील फार लक्षात राहतात. मला इतकंच आठवतं की शर्ट नवा होता.

२ मार्च
तयारी. जुना शर्ट काढून ठेवला. घरात घालायला. उद्या अंगाला तेल लावणार, कारण त्वचा कोरडी पडली आहे. तेलावरचा रंग पटकन निघतो, हा योगायोग.
बायकोने विचारलं, उद्या कडी लावून घ्यायची का? नको म्हटलं. तोडतील बिचारे, नुकसान आपलंच.

३ मार्च, ८.१०
तेल लावून पेपर वाचतोय. दार नुसतं लोटलेलं.

९.३०
बायको खेळायला गेली. मी घरात आहे हे कुणाला सांगू नकोस, असं दोनदा बजावलं. तिच्या पोटात काही राहत नाही, म्हणजे आलेच समजा.

१०.१५
जिन्यात पावलं. पलंगाआड लपलो. गुडघा दुखतो, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. दाराशी कुजबुज झाली. मग चिमणीचा आवाज, "इथे नको. हे काका ओरडतात."
पावलं वर गेली. सुटलो.

१०.४०
अजून सुटलेलाच आहे. दोनदा मोठ्याने खोकलो.

११.३०
बायको येईल, विचारेल. उगाच तिला वाईट वाटायला नको. घरात चिमूटभर गुलाल सापडला. आरशासमोर उभा राहून दोन्ही गालांना लावला. थोडा कपाळाला. बरा दिसतो.

१२.१०
बायको आली. ओळखू येईना, केसांतून हिरवं पाणी गळत होतं. तिला सांगितलं, दहा-बारा जण होते, धरूनच ठेवलं. तिने आधी माझ्या गालांकडे पाहिलं, मग स्वच्छ चष्म्याकडे.
"चष्मा काढून ठेवायला वेळ दिला वाटतं त्यांनी?"
एवढंच म्हणाली आणि आंघोळीला गेली. दार लावताना आवाजसुद्धा केला नाही.

५.००
दूध आणायला निघालो. तोंड धुतलं नव्हतं. लोकांनी पाहावं असं काही नाही, राहून गेलं. जिन्यात चिमणी भेटली. मला बघून भिंतीला चिकटली, दोन्ही हात पाठीमागे.
"काका, मी नाही लावला. खरंच."
मला माहीत आहे, म्हटलं. मग कुणी लावला, असं तिने विचारलं. दहा-बारा जण अगदी ओठांवर आले होते. पण तिचे हात अजून पाठीमागेच होते.
"मीच लावला," म्हणालो.
ती विचारात पडली.
"एकट्यानेच?"
हो म्हणालो. दूध आणायचं राहिलं.